आधी वीस पाकिटं विका, मग जाहिरात शिका

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

डिजिटल मार्केटिंग शिकायचं तर क्लास लावावा की एखादा छोटा जोडधंदा सुरू करून त्यावरच हात बसवावा, या विषयावरचे सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरांतले खर्चाचे आणि किमतीचे आकडे हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमचे आकडे तुमच्या वहीतून घाला, रीत तीच ठेवा.

प्रश्न : मी बी.कॉम. झालो आहे, संध्याकाळी मोकळा असतो. इथल्या एका संस्थेत सहा महिन्यांच्या कोर्सची फी 55 हजार आहे. घरचे म्हणतात, त्यापेक्षा काहीतरी विकून शिक. विकायचं काय आणि पैसे किती घालायचे?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : घरच्यांचं बरोबर आहे. कोर्समध्ये कुठलं बटण कुठे आहे हे शिकवतात, आणि ती बटणं वर्षभरात जागा बदलतात. भाव ऐकल्यावर गिऱ्हाईक गप्प का झालं, हे मात्र स्वतःचे पैसे अडकल्याशिवाय कळत नाही. बटणांपुरती माहिती गुगलच्या स्किलशॉप आणि मेटाच्या (फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप चालवणाऱ्या कंपनीच्या) ब्लूप्रिंट या शिकवणीच्या संकेतस्थळांवर फुकट मिळते. रोज अर्धा तास दिलात तर महिन्यात पायाभूत भाग होतो.

पण वस्तू शिकायला सोयीची हवी. ती महिना-दीड महिन्यात पुन्हा लागणारी असावी, कारण तेच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा का आलं किंवा का आलं नाही, हे पाहता आलं नाही तर निम्मं शिक्षण राहून जातं. किंमत साधारण 150 ते 500 रुपयांच्या आसपास असावी. त्याखाली घरपोच पोचवण्याचा खर्चच नफा खातो, आणि त्यावर गेलं की अनोळखी माणूस आगाऊ पैसे द्यायला कचरतो. वस्तू दोन महिने टिकावी, फुटू नये, गळू नये. मेतकूट, कोरड्या चटण्या, थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला या सगळ्यात बसतात. उकडीचे मोदक बसत नाहीत. जाहिरात चालली तर माल पुरत नाही, फसली तर संध्याकाळी टाकून द्यावा लागतो, आणि दोन्ही वेळा जाहिरात चांगली होती की वाईट हे समजत नाही. घाऊक बाजारातून आणलेली मोबाईल कव्हरंही टाळा. तीच कव्हरं शंभर जण विकत असतात, त्यामुळे भाव पाडण्यापलीकडे तुमच्याकडे बोलायला काही उरत नाही.

तीन महिन्यांसाठी 15 हजार धरा. 5,000 माल आणि पाकिटांना, 2,500 वजनकाटा, पाकीट सील करायचं हातयंत्र आणि लेबलांना, 6,000 जाहिरातीला, आणि 1,500 खराब झालेल्या किंवा परत आलेल्या मालासाठी बाजूला. जाहिरातीच्या पैशाला पहिला महिना हात लावायचा नाही. त्या महिन्यात वीस पाकिटं विकायची, सोसायटीत, ऑफिसात, ओळखीच्यांच्या ओळखीत. नातेवाइकांनी घेतलेली यात मोजायची नाहीत, ते तुमच्यासाठी घेतात.

प्रत्येक गिऱ्हाइकाला तीन गोष्टी विचारा: हे आधी कुठून घ्यायचात, कशाबरोबर खाता, आणि एक पाकीट किती दिवस पुरतं. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. तुम्ही लेबलावर ‘पारंपरिक चवीचं मेतकूट’ लिहाल. घेणारी बाई म्हणते, ‘तापातून उठलेल्या मुलाला मऊ भातावर घालून देते.’ तुमची जाहिरात या दुसऱ्या वाक्यातून निघणार आहे. वीस जणांची वाक्यं जमली की त्यांतली चार-पाच एकमेकांशी जुळतात. तिथून लिहायला घ्या.

प्रश्न : मी शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी घरी करून विकते. 250 ग्रॅमला 180 रुपये घेते. ओळखीत विकताना पैसे सुटतात, पण जाहिरात करून विकायला गेले की हातात काहीच राहत नाही. चूक कुठे होते?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, एका पाकिटाचा हिशोब मांडू या. समजा शेंगदाणे, तिखट, लसूण, मीठ मिळून 62 रुपये, पाकीट आणि लेबल 11, गॅस-वीज 7 आणि तुमची मजुरी 25. मजुरी धरायचीच. बहुतेक घरगुती धंद्यांत ती धरली जात नाही, आणि पुढे हाताखाली एखादी बाई ठेवायची वेळ आली की नफा दिसेनासा होतो. एकूण 105 झाले. 180 मधून 75 उरले. शहरात घरपोच द्यायला 40 गेले की राहिले 35. म्हणजे एक गिऱ्हाईक आणायला जाहिरातीवर 35 रुपयांपेक्षा जास्त गेले तर पदरचे घालावे लागतात.

आता तीन पाकिटांचा संच 520 रुपयांना ठेवा. खर्च 315, उरले 205. पोचवायला तेच 40, कारण खेप एकच आहे. राहिले 165. जाहिरात या संचाची करायची. सुटं पाकीट ओळखीच्यांसाठी आणि दुसऱ्यांदा घेणाऱ्यांसाठी ठेवा.

पुढचा भाग संवादाचा आहे, आणि पैसे बहुधा तिथेच गळत असतात. मेटाच्या आगाऊ भरलेल्या खात्यात 1,000 रुपये टाकले की 18 टक्के जीएसटी वजा होऊन जाहिरातीला साधारण 847 मिळतात. समजा व्हॉट्सॲपवर एक चौकशी यायला 14 रुपये पडले, तर 60 चौकशा येतील. दहातल्या एकाने घेतलं तर 6 ऑर्डरी, म्हणजे एका ऑर्डरीला 167 रुपये. 165 ची मर्यादा ओलांडली. पण सहातल्या एकाने घेतलं तर 10 ऑर्डरी होतात आणि खर्च 100 वर येतो. जाहिरात तीच, फोटो तोच, फरक फक्त उत्तर देण्यात.

म्हणून जाहिरातीला हात लावण्याआधी मागचे तीस संवाद उघडून वाचा. साधारण तीन जागी माणूस सुटतो. पहिलं उत्तर दोन तासांनी गेलेलं असतं. ‘किती?’ या प्रश्नाला भाव सांगायच्या आधी लांबलचक माहितीपत्रक पाठवलेलं असतं. किंवा भाव सांगून तुम्ही थांबता, पुढे काय करायचं हे समोरच्याला सांगत नाही. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये झटपट उत्तरं साठवून ठेवता येतात. एक उत्तर असं ठेवा: ‘चटणीच्या तीन पाकिटांचा संच 520 रुपये, घरपोच. आज सांगितलंत तर शनिवारी मिळेल. पत्ता पाठवता का?’ शेवटचा प्रश्न गाळू नका.

प्रश्न : इन्स्टाग्रामवरच्या पोस्टला 2,000 रुपये देऊन ‘बूस्ट’ केलं. नऊशे लाइक आले, ऑर्डर एकही नाही. पैसे फुकट गेले का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुम्ही मेटाच्या जाहिरात-यंत्रणेला जे मागितलं ते तिने दिलं. ज्यांना लाइक करायची सवय आहे अशी माणसं तिने शोधून आणली. विकत घेणारी माणसं हवी असतील तर तसं सांगावं लागतं.

पुढच्या वेळी बूस्टचं बटण सोडून मेटा ॲड्स मॅनेजरमध्ये, म्हणजे मेटाच्या जाहिराती लावायच्या पानावर जा. कॅम्पेन करताना उद्देश ‘एंगेजमेंट’ निवडा, पण खाली संवाद कुठे व्हावा तिथे व्हॉट्सॲप निवडा, म्हणजे यंत्रणा लाइकऐवजी संदेश पाठवणारी माणसं शोधते. ठिकाण ‘महाराष्ट्र’ ठेवू नका. नकाशावर टाचणी ठेवून तुम्ही स्वतः पोचवू शकता तेवढाच घेर घ्या. रोजचे 200 रुपये, पाच दिवस. जाहिराती दोनच, फोटो वेगळे आणि मजकूर तोच, म्हणजे फरक पडला तर फोटोमुळे पडला हे कळेल. फोटो आणि मजकूर दोन्ही बदलले की निकाल वाचताच येत नाही.

पाच दिवस मध्ये हात घालू नका. नवीन जाहिरात कोणाला दाखवायची हे यंत्रणा आधी शिकत असते, आणि ते शिकणं पक्कं व्हायला आठवड्यात सुमारे 50 अपेक्षित कृती, म्हणजे इथे 50 संवाद, लागतात. रोज बजेट किंवा घेर बदलला की शिकणं पुन्हा सुरुवातीला येतं. याच कारणाने हजार रुपयांचे चार गटांत तुकडे करू नयेत. एकाही गटाला पुरेसं खाद्य मिळत नाही.

फोटोत पाकीट हातात धरलेलं दिसू द्या, आकाराचा अंदाज येतो. भाव फोटोवरच लिहा. भाव लपवला की चौकशा वाढतात आणि ऑर्डरी घटतात, कारण नुसता भाव विचारणाऱ्यांचेही पैसे तुम्हीच भरता. कुठल्या भागात आणि कोणत्या वारी पोचवता तेही लिहा.

आणखी एक गोष्ट लगेच करा. खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा आणि पेजवर घरातल्या आणखी एकाला ॲडमिन करा. खातं अडकलं की जमवलेलं सगळं त्यात अडकतं.

प्रश्न : ऑर्डर इन्स्टाग्रामवरून आली, सोसायटीच्या ग्रुपवरून आली की पाकिटावरच्या नंबरवरून, हे कळायला वेबसाइट लागते का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : सुरुवातीला लागत नाही. व्हॉट्सॲपची छोटी लिंक पुरते. ‘डब्ल्यूए डॉट मी’, तिरपी रेघ, मग 91 लावून तुमचा नंबर. त्यापुढे प्रश्नचिन्ह, ‘टेक्स्ट’ हा इंग्रजी शब्द, बरोबरचं चिन्ह आणि पहिलं वाक्य. लिंक दाबली की ते वाक्य गिऱ्हाइकाच्या खिडकीत आपोआप लिहून येतं. आता प्रत्येक जागेसाठी वाक्य वेगळं ठेवा. इन्स्टाग्रामच्या लिंकवर ‘चटणीचा संच हवा’, सोसायटीच्या ग्रुपवर ‘चटणी संचाची चौकशी’, पाकिटावरच्या क्यूआरमध्ये ‘चटणी संपली, पुन्हा हवी’. संदेश उघडताच माणूस कुठून आला ते दिसतं, आणि त्याला काही विचारावंही लागत नाही. ॲपमधली तयार छोटी लिंक एकच वाक्य ठेवते, म्हणून बाकीच्या लिंक अशा हाताने बनवा. शब्दांमधली मोकळी जागा लिंकमध्ये कधी तुटते, म्हणून छापायला देण्याआधी दोन वेगळ्या फोनवर दाबून पाहा.

क्यूआर छापताना नीट पाहा. काही फुकट संकेतस्थळं ‘डायनॅमिक’ क्यूआर देतात. तो आधी त्यांच्या पत्त्यावर जातो आणि फुकट मुदत संपली की बंद पडतो. पाचशे लेबलं छापून झाल्यावर हे लक्षात आलं तर सगळी वाया जातात. ‘स्टॅटिक’ क्यूआरच घ्या, त्यात तुमची लिंक थेट असते.

मग वही. स्प्रेडशीट चालेल, साधी रेघांची वहीही चालेल. रकाने: तारीख, फोनचे शेवटचे चार आकडे, कुठून आलं, काय विचारलं, घेतलं का, रक्कम, दुसऱ्यांदा कधी घेतलं, आणि नाही घेतलं तर कारण. शेवटचा रकाना सगळे रिकामा सोडतात. तोच सगळ्यांत मोलाचा आहे. ‘महाग’, ‘फार तिखट असेल’, ‘उद्याच हवं होतं’ असं पाच-सहा वेळा दिसलं की पुढच्या जाहिरातीत काय लिहायचं ते ठरतं.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीबद्दल, म्हणजे एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या सोयीबद्दल, एक गैरसमज सगळीकडे दिसतो. एका यादीत 256 जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो संदेश पोचतो. म्हणून पाकिटासोबत चिठ्ठी घाला: ‘हा नंबर सेव्ह करा, ताजी चटणी झाली की कळवू.’

प्रश्न : आमची हापूसची बाग आहे. भाचा म्हणतो, या हंगामात पुण्या-मुंबईला थेट गिऱ्हाइकाला पेट्या विकू, मी ऑनलाइनचं बघतो. त्याने तयारी कधी आणि कशी करावी?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : भाच्याला शिकायला याहून चांगली वस्तू नाही, पण चुकायला वेळही नाही. माल मुख्यतः मार्च ते मे एवढाच, त्यामुळे तयारी जानेवारीत सुरू व्हायला हवी.

इथे इन्स्टाग्रामपेक्षा गुगल आधी. चटणीची आठवण लोकांना करून द्यावी लागते, हापूस लोक आपणहून शोधतात. प्रथम गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी धंद्याची नोंद काढा, त्याला पैसे पडत नाहीत. पडताळणीसाठी बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात. जागा, पाटी, पेट्या आणि व्यवसाय तुमच्याच हातात आहे याचा पुरावा त्यात दिसावा लागतो. एप्रिलमध्ये हे करत बसाल तर हंगाम जाईल. नाव जे आहे तेच घाला. ‘अस्सल रत्नागिरी हापूस आंबा पुणे मुंबई होम डिलिव्हरी’ असं नाव दिलं की प्रोफाइल निलंबित होण्याची भीती असते. सेवेचा भागही सुमारे दोन तासांच्या गाडीच्या अंतरापलीकडे नसावा असं गुगल सांगतं, म्हणून रत्नागिरीच्या बागेला पुणे ‘जवळचं’ म्हणून दाखवता येणार नाही. प्रोफाइल बागेवर येणाऱ्यांसाठी आणि विश्वासासाठी आहे. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक सर्च जाहिरातीने, म्हणजे गुगलवर शोधल्यावर निकालांसोबत दिसणाऱ्या जाहिरातीने आणावं लागेल.

सर्च जाहिरातीत नवख्याचे पैसे चार ठिकाणी जातात. गुगल सुरुवातीला सोप्या मांडणीकडे ढकलतं, तिथून ‘एक्स्पर्ट मोड’मध्ये जा. डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे इतर संकेतस्थळांवर जाहिरात दाखवण्याची, खूण काढा. ठिकाणाच्या पर्यायात ‘त्या भागात रस असलेले’ लोकही आपोआप धरलेले असतात, ते काढून फक्त ‘त्या भागात असलेले’ ठेवा. आणि शोधशब्द सैल ठेवू नका, ‘फ्रेज’ आणि ‘एक्झॅक्ट’ या घट्ट जुळण्याच घ्या, म्हणजे भलत्याच शोधाला जाहिरात कमी दिसते: हापूस आंबा पेटी, रत्नागिरी हापूस घरपोच असे. देवनागरीत आणि रोमन लिपीत दोन्हीकडे. कुठल्या लिपीत जास्त शोधतात हे गुगल ट्रेंड्सवर महाराष्ट्र निवडून पाहता येतं. तिथला 0 ते 100 हा आकडा तुलनेचा असतो, माणसांची संख्या नव्हे.

रोज सकाळी ‘सर्च टर्म्स’चा अहवाल उघडायचा. लोकांनी नेमकं काय टाइप केलं म्हणून तुमचे पैसे कापले गेले ते तिथे दिसतं. रोपं, कलमं, पल्प, बाजारभाव, नोकरी, चित्र हे शब्द ‘निगेटिव्ह’ यादीत, म्हणजे ज्या शब्दांना जाहिरात दाखवायची नाही त्या यादीत टाकत जायचं. ‘हापूस बाजारभाव’ शोधणारा शेतकरी किंवा व्यापारी असतो, तो पेटी घेत नाही. पहिल्या आठवड्यात ही यादी रोज वाढेल, मग थांबेल. या एका अहवालातून भाचा जे शिकेल ते कुठल्याही वर्गात बसून शिकता येत नाही.

माल संपत आला की जाहिरात त्याच दिवशी बंद करा. आठवड्याला किती पेट्या निघतील तेवढ्याच ऑर्डरी घ्या. पैसे घेऊन आंबा पंधरा दिवसांनी गेला तर त्याची दुखरी प्रतिक्रिया प्रोफाइलवर वर्षानुवर्षं राहते.

साक्याबद्दल, म्हणजे आतल्या पांढरट, स्पंजासारख्या खराब गराबद्दल, आधीच लिहा. बाहेरून फळ निर्दोष दिसतं आणि कापल्यावर आत साका निघतो, हे कोकणात सगळ्यांना माहीत आहे, पुण्यातल्या गिऱ्हाइकाला नसतं. त्याला वाटतं फसवलं. ‘साका निघाला तर त्याच दिवशी फोटो पाठवा, तेवढे आंबे पुढच्या पेटीत देऊ’ हे वाक्य जाहिरातीच्या पानावर आणि पेटीतल्या चिठ्ठीवर दोन्हीकडे हवं. कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी गिऱ्हाईक विचारतंच. अढीत लावलेल्या आंब्यांचा वीस सेकंदांचा व्हिडिओ हे त्याचं सर्वांत चांगलं उत्तर.

हापूसला 2018 मध्ये भौगोलिक निर्देशांक (जीआय), म्हणजे ते नाव ठरावीक प्रदेशातल्या मालाचंच अशी सरकारी नोंद, मिळाला आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी तो आहे, पण ते चिन्ह छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमचं नाव नोंदलेलं हवं. नसेल तर ती नोंदणी आधी करून घ्या.

प्रश्न : घरगुती मसाले विकायला कोणते कागद लागतात?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : अन्नपदार्थ असल्याने एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागतेच. लहान उत्पादकासाठी साधी नोंदणी असते, अर्ज फॉस्कॉस या सरकारी पोर्टलवर करायचा. 14 आकडी क्रमांक मिळतो, तो लेबलावर छापायचा. त्याशिवाय पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, बॅच, तयार केल्याची तारीख आणि किती दिवस चांगला राहील ते, सर्व करांसह कमाल किंमत, नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह. शेंगदाणा किंवा गहू असेल तर ॲलर्जीची सूचना. मेतकुटात गहू असतो हे अनेक जण विसरतात.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य आहे. तिच्यासाठी पैसे मागणारी पानं सरकारी नसतात.

जीएसटीची एक बाब थेट जाहिरातीशी जोडलेली आहे. महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा तर ही सूट लागू नाही, पणजीला एक पाकीट पाठवायचं तरी नोंदणी लागते. ताज्या आंब्यावर कर नाही म्हणून तिथे ही अडचण येत नाही, मसाल्याला येते. तेव्हा नोंदणी होईपर्यंत जाहिरातीचा घेर राज्याबाहेर नेऊ नका.

आणि ‘मधुमेह बरा होतो’ छापाची वाक्यं जाहिरातीत कधीही नको. 1954 च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने अशा जाहिरातीला मनाई आहे. मेटाकडूनही अशी जाहिरात नाकारली जाऊ शकते.

प्रश्न : सहा महिने धंदा केला, नफा थोडाच झाला. याच्या जोरावर डिजिटल मार्केटिंगची नोकरी किंवा बाहेरचं काम मिळेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : मिळू शकतं, नोंदी नीट असतील तर. प्रत्येक प्रयोगाचं एक पान करा: काय वाटलं होतं, काय बदललं, किती खर्च झाला, किती चौकशा, किती ऑर्डरी, एका ऑर्डरीला किती पडले. सोबत पडद्याचे फोटो, पण गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर झाकून. अशी आठ पानं पुरेत, आणि त्यांत दोन-तीन फसलेले प्रयोग जरूर ठेवा. ‘167 चा खर्च 100 वर आणला, जाहिरात न बदलता, उत्तराचं वाक्य बदलून’ असं सांगणारा उमेदवार मुलाखतीत वेगळा दिसतो. स्किलशॉपची प्रमाणपत्रं जोडा, पण या पानांच्या मागे.

बाहेरचं पहिलं काम घेताना जाहिरातीचं खातं त्या दुकानदाराच्याच नावावर काढा आणि कार्डही त्याचंच लावा. पासवर्ड मागू नका, मेटा बिझनेसमधून किंवा गुगल ॲड्समधून स्वतःला प्रवेश द्यायला सांगा. काम संपल्यावर तो काढता येतो आणि दुकानदाराचा सगळा मागचा हिशोब त्याच्यापाशी राहतो. जाहिरातीचा खर्च आणि तुमची मजुरी यांची बिलं वेगळी ठेवा. ‘5,000 मध्ये सगळं करून देतो’ असं एकदा म्हणालात की मंदीच्या महिन्यात तो खर्च तुमच्या मजुरीतून जातो.